पावती आहे, पेमेंट नाही : शीटमध्ये दोन याद्या जुळवून राहिलेल्या नोंदी कशा शोधायच्या

दिंडोरीच्या बाजूला द्राक्ष उत्पादकांच्या एका गटाचा हिशोब मी ठेवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल जोरात चालू असतो. बागेतून क्रेट येतात, काट्यावर वजन होतं, शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. ती पावती ‘आवक’ यादीत चढते आणि आठवडाअखेर बँकेत पाठवायची ‘पेमेंट’ यादी तयार होते. दोन याद्या, दोन माणसांनी भरलेल्या.

अशाच एका हंगामात एक नाना ऑफिसात आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, त्यात घडी घातलेली काटा पावती. म्हणाले, “ताई, सगळ्यांचे जमा झाले, माझे नाही आले. यादीत नाव आहे का बघा.” मी कंट्रोल-एफ दाबलं, नाव टाकलं, नाव सापडलं. म्हटलं, “आहे की नाना, उद्या-परवा येतील.” नाना गेले आणि चार दिवसांनी पुन्हा आले. तेव्हा नीट पाहिलं. त्यांच्या पावत्या दोन होत्या. एकीचं पेमेंट यादीत होतं, दुसरीचं नव्हतं. मी नाव शोधलं होतं, पावती शोधलीच नव्हती. औषधवाल्याची उधारी अंगावर असलेल्या माणसाला माझ्यामुळे चार दिवस जास्त थांबावं लागलं. त्यानंतर मी याद्या डोळ्यांनी जुळवणं सोडलं. आता जी पद्धत वापरते ती इथे पहिल्यापासून सांगते. तुमच्याकडे द्राक्षं नसतील, कांद्याच्या हिशोबपट्ट्या असतील, सोसायटीचा मेंटेनन्स असेल किंवा शाळेची फी असेल, तरी पद्धत हीच.

शीट म्हणजे एक्सेल किंवा गूगल शीट्ससारख्या प्रोग्रॅममधलं. फॉर्म्युल्यांबद्दल आधीच एक सांगून ठेवते. इथे ते देवनागरीत लिहिले आहेत, पण शीटमध्ये टाईप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीत टाका. ‘ए२’ म्हणजे पहिल्या कॉलममधली दुसरी ओळ. फंक्शनचं पूर्ण स्पेलिंग पाठ करायची गरज नाही. बरोबरचं चिन्ह टाकून पहिली दोन-तीन अक्षरं लिहिली की खाली यादी उघडते, त्यातलं हवं ते निवडून टॅब दाबायचं. दुसऱ्या शीटचं नावही हाताने लिहू नका. फॉर्म्युला अर्धा झाला की त्या शीटवर क्लिक करून कॉलम निवडा, नाव आणि लागतील ती चिन्हं आपोआप येतात.

जुळवायचं कशावर

शीट उघडण्याआधी ठरवायची गोष्ट ही, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. दोन्ही याद्यांत असं काय आहे, जे एका नोंदीला एकदाच असतं?

नाव नक्कीच नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे निघतात. पावतीवर ‘बाळू’ असतं, पासबुकात ‘बाळासाहेब’. एक जण आडनाव आधी लिहितो, दुसरा शेवटी. सभासद क्रमांक नावापेक्षा बरा, पण नानांसारख्या दोन पावत्यांच्या माणसापाशी तोही अडतो, कारण तो माणसाचा नंबर आहे, पावतीचा नाही. आपल्याला राहिलेली पावती शोधायची आहे, म्हणून जुळवणीही पावती क्रमांकावरच व्हायला हवी.

त्यातही एक अडचण आहे. आमचे काटे दोन, ‘अ’ आणि ‘ब’, आणि दोन्हीकडची पावती पुस्तकं एकपासून सुरू होतात. म्हणजे १२४ नंबरच्या पावत्याही दोन. म्हणून मी केंद्र आणि क्रमांक जोडून ‘अ-०१२४’ असा एकच जुळणी नंबर बनवते. मधली आडवी रेघ टाकायला विसरू नका. केंद्रांनाही आकडेच असतील तर पहिल्या केंद्राची २३ नंबरची पावती आणि बाराव्या केंद्राची ३ नंबरची पावती, दोन्ही जोडल्यावर १२३च दिसतील.

माझ्या आवक शीटमध्ये कॉलम असे : ए जुळणी नंबर, बी केंद्र, सी पावती क्रमांक, डी तारीख, ई सभासद क्रमांक, एफ नाव, जी क्रेट, एच निव्वळ वजन. पेमेंट शीटमध्ये ए, बी, सी तेच, मग डी सभासद क्रमांक, ई नाव, एफ खाते नंबर, जी वजन, एच रक्कम. जुळणी नंबर दोन्हीकडे पहिल्या कॉलममध्ये ठेवला की पुढचे सगळे फॉर्म्युले सोपे होतात.

मूळ फाईलला हात लावायचा नाही. दोन्ही याद्यांची प्रत काढा, नवीन फाईलमध्ये दोन शीट करून चिकटवा. आणि प्रत काढण्याआधी मूळ यादीवर फिल्टर लावलेला आहे का ते पाहा. फिल्टर चालू असताना कॉपी केलं तर दिसणाऱ्या ओळीच येतात, लपलेल्या मागे राहतात. नोंदी गळण्याचं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच आहे.

याद्या धुऊन घ्या

फॉर्म्युला लावायची घाई असते आणि तिथेच फसगत होते. आपल्याला जे सारखं दिसतं ते शीटच्या लेखी सारखं असेलच असं नाही.

पहिला त्रास रिकाम्या जागेचा. कोणी नंबर टाईप करून स्पेस दाबली की झालं. संशय आला तर लेन वापरा, ते अक्षरं मोजून देतं. ‘पाटील’ या शब्दाचे लेन पाच देतं, कारण काना आणि वेलांटी ही वेगळी मोजली जातात. सहा आले तर मागे काहीतरी चिकटलंय. ट्रिम हे फंक्शन पुढची-मागची मोकळी जागा काढतं आणि शब्दांमधल्या दोन-तीन स्पेसची एक करतं. पण वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात एक वेगळ्या जातीची स्पेस येते, तिचा कोड १६०. ट्रिमला ती दिसत नाही. ती सब्स्टिट्यूट, म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवणारं फंक्शन, वापरून काढावी लागते. युनिकॅर हे कोडवरून ते अक्षर देतं :

=ट्रिम(सब्स्टिट्यूट(सी२, युनिकॅर(१६०), ""))

युनिकॅरचं स्पेलिंग यू, एन, आय, सी, एच, ए, आर. एक्सेल २०१३ पासून ते आहे, गूगल शीट्समध्येही चालतं.

दुसरा त्रास आकड्यांचा. एका यादीत १२४ हा आकडा म्हणून असतो, दुसरीत तोच मजकूर म्हणून. साधारणपणे आकडे सेलच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या. एक्सेल मजकुरातल्या आकड्याच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही दाखवतं. काउंटइफ, म्हणजे एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं फंक्शन, या फरकाकडे दुर्लक्ष करतं, पण नोंद शोधून देणारी मॅच, व्हीलूकअप आणि एक्सलूकअप ही फंक्शनं तो काटेकोर पाळतात. त्यामुळे एकाच यादीवर एक फॉर्म्युला ‘आहे’ म्हणतो आणि दुसरा ‘नाही’. कोणी मराठी कीबोर्डवरून मराठी आकडे टाकले असतील तर ती चिन्हंच वेगळी, तेव्हा नंबरांच्या कॉलममध्ये सगळ्यांनी एकाच प्रकारचे आकडे टाकायचे हे हंगामाआधीच ठरवून घ्या.

हे सगळं एका फॉर्म्युल्यात बांधलं की जुळणी नंबर तयार होतो. तो ए२ मध्ये टाका आणि खालपर्यंत ओढा :

=ट्रिम(बी२)&"-"&टेक्स्ट(व्हॅल्यू(ट्रिम(सब्स्टिट्यूट(सी२, युनिकॅर(१६०), ""))), "००००")

आतून बाहेर वाचलं तर अर्थ सरळ आहे. आधी विचित्र स्पेस काढली, मग साधी स्पेस काढली, मग व्हॅल्यूने त्याचा खरा आकडा केला, मग टेक्स्टने चार अंकी मजकूर केला, आणि समोर केंद्र जोडलं. आता ‘१२४’, ‘०१२४’ आणि मागे स्पेस असलेला ‘१२४’ तिघेही ‘अ-०१२४’ होतात. एखाद्या ओळीत एरर आली तर घाबरू नका. तिथल्या पावती क्रमांकात आकड्याशिवाय आणखी काही शिरलंय, एवढाच त्याचा अर्थ. ती ओळ हाताने दुरुस्त करा.

‘१२/३’ असे नंबर असतील, म्हणजे बारावं पुस्तक तिसरी पावती, तर जास्त सावध राहा. शीट त्याची तारीख करून टाकतं. २०२५ साली ‘१२/३’ टाईप केलं आणि नंतर त्या सेलचा फॉरमॅट बदलून जनरल केला, तर ४५७२८ असा आकडा दिसेल. तो १२ मार्च २०२५ चा अनुक्रमांक आहे. मूळ नंबर तोवर गेलेला असतो. सातबाऱ्यावरच्या गट नंबरांचंही असंच होतं. उपाय एकच : यादी चिकटवण्याआधी तो कॉलम निवडून फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

खाते नंबरांचंही बघा. एक्सेल कोणत्याही आकड्याचे पंधराच अंक जपतं. सोळा अंकी खाते नंबर आकडा म्हणून टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि पैसे परत येईपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही. तो कॉलमही टेक्स्टच हवा. शिवाय खाते नंबर मजकूर म्हणून नीट ठेवले तरी काउंटइफ त्यांना आकडा समजून पंधरा अंकांपर्यंतच पाहतं, आणि शेवटचा अंक वेगळा असलेली दोन खाती एकच मानतं. खाते नंबरावर जुळवायची वेळ आलीच तर काउंटइफऐवजी मॅच वापरा.

मुख्य काम

आता आवक शीटमध्ये आय२ या सेलमध्ये हे टाका :

=काउंटइफ(पेमेंट!ए:ए, ए२)

अर्थ असा की या ओळीचा जुळणी नंबर पेमेंट शीटच्या पहिल्या कॉलममध्ये किती वेळा आलाय ते मोज. सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर डबल क्लिक केलं की फॉर्म्युला खालपर्यंत जातो. तो खरंच शेवटच्या ओळीपर्यंत गेला का ते एकदा खाली जाऊन पाहा, मध्ये रिकामी ओळ असेल तर तो तिथेच थांबलेला असू शकतो.

कॉलममध्ये आकडे येतील. शून्य म्हणजे पावती आहे, पेमेंट नाही. एक म्हणजे बरोबर. दोन म्हणजे एकाच पावतीचं पेमेंट दोनदा लागलंय. काउंटइफ मला सगळ्यात आवडतं ते याच्यासाठी. व्हीलूकअप फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगतं, काउंटइफ किती वेळा आहे ते सांगतं.

पूर्ण कॉलमऐवजी ठराविक ओळी दिल्या तर डॉलर लावायला विसरू नका :

=काउंटइफ(पेमेंट!$ए$२:$ए$२१२, ए२)

डॉलर नसेल तर फॉर्म्युला एक ओळ खाली गेला की शोधायची जागाही एक ओळ खाली सरकते. पन्नासाव्या ओळीवर पोचेपर्यंत पेमेंट यादीतल्या वरच्या अठ्ठेचाळीस नोंदी शोधातून निघून गेलेल्या असतात आणि भरलेली पेमेंटही राहिलेली दिसायला लागतात. पत्ता लिहून झाल्यावर एफ-४ दाबलं की डॉलर लागतात.

कोणी नंबराच्या किंवा नावाच्या मागे उचल घेतल्याची खूण म्हणून तारा काढून ठेवतं. काउंटइफसाठी ताऱ्याचा अर्थ ‘इथे काहीही चालेल’ असा होतो आणि प्रश्नचिन्हाचा ‘कोणतंही एक अक्षर’. अशा खुणा ज्यावर जुळवायचं त्या कॉलममध्ये ठेवू नका, वेगळा ‘शेरा’ कॉलम करा.

उलट बाजू

इथे बरेच जण थांबतात. थांबू नका. पेमेंट शीटमध्ये जा आणि आय२ मध्ये हे टाका :

=काउंटइफ(आवक!ए:ए, ए२)

इथलं शून्य म्हणजे पैसे लावलेत, पण तशी पावतीच आपल्याकडे नाही. दोन्ही बाजूंनी पाहणं का लागतं ते एका उदाहरणाने दाखवते.

समजा आवक यादीत २१४ पावत्या आहेत, पेमेंट यादीत २११ नोंदी. फरक तीनचा, म्हणजे तीन पावत्या राहिल्या, असं कोणीही म्हणेल. आता आवक बाजूचा कॉलम पाहा : शून्य पाच ठिकाणी, दोन एका ठिकाणी, बाकी २०८ ठिकाणी एक. पेमेंट बाजूला शून्य एका ठिकाणी, तिथे नंबर ‘अ-१२०४’. आपल्या पावत्या हजाराच्या पुढे गेलेल्याच नाहीत. त्या ओळीतलं नाव आणि वजन पाहिलं तर ती ‘अ-०१२४’ची निघते, टाईप करताना मध्ये एक शून्य जास्त पडलं. आणि ‘अ-०१२४’ ही त्या पाच शून्यांतली एक आहे. म्हणजे खऱ्या राहिलेल्या पावत्या चार, दोनदा लागलेलं पेमेंट एक, चुकीचा नंबर एक. चार गेल्या, एक वाढली, म्हणून बेरजेत फरक तीनचाच दिसला. बेरीज पाहून तीन नावं शोधायला बसला असतात, तर चौथा शेतकरी पासबुक घेऊन ऑफिसात आला असता.

आपलं काम बरोबर झालं का ते तपासायला मी आवक शीटमधल्या आय कॉलमची बेरीज करते. इथे ती २०८ आणि २, म्हणजे २१०. पेमेंटच्या नोंदी २११, त्यातून पावती नसलेली एक वजा केली की २१०. दोन्ही आकडे जुळले म्हणजे एकही ओळ हिशोबाबाहेर राहिली नाही. जुळले नाहीत तर बहुधा आवक यादीतच एखादी पावती दोनदा चढलेली असते. ती शोधायला आवक शीटच्या जे२ मध्ये त्याच शीटवर मोजा :

=काउंटइफ(ए:ए, ए२)

एकापेक्षा मोठा आकडा दिसला की कागदी पुस्तक काढून बघा. काही वेळा पावती खरंच दोनदा चढलेली असते, काही वेळा दोन वेगळ्या पावत्यांना एकच नंबर पडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात ओळ उडवली तर कोणाचा तरी माल उडवल्यासारखं होईल, म्हणून कागद पाहिल्याशिवाय ओळ डिलीट करायची नाही.

नंबर आहे, पण वजन वेगळं

पावती दोन्हीकडे सापडली म्हणजे काम संपलं नाही. ४८६ किलोचे ४६८ झालेले असू शकतात. आवक शीटच्या के२ मध्ये पेमेंटमधलं वजन ओढून आणा :

=एक्सलूकअप(ए२, पेमेंट!ए:ए, पेमेंट!जी:जी, "नाही")

एक्सलूकअप मायक्रोसॉफ्ट ३६५, एक्सेल २०२१ आणि गूगल शीट्समध्ये आहे. लिब्रेऑफिसमध्ये ते २४.८ आवृत्तीपासून आलं. जुनं एक्सेल असेल तर :

=व्हीलूकअप(ए२, पेमेंट!ए:जी, ७, ०)

शेवटचं शून्य अजिबात सोडायचं नाही. ते नसेल तर व्हीलूकअप अचूक नंबर शोधत नाही, जवळपासचा पकडतं आणि काहीतरी भलतंच वजन आणून ठेवतं. एररही येत नाही, त्यामुळे संशय यायला कारणच उरत नाही. शून्य असेल तर न सापडलेल्या ओळीत #एन/ए येतं.

मग एल२ मध्ये फरक काढा : =राउंड(एच२-के२, २). राउंड मुद्दाम लावलंय. दशांशातली वजनं वजा केली की कधीकधी शून्याऐवजी शेवटच्या अंकाला धूळ चिकटावी तसा अगदी बारीक आकडा उरतो. हा फॉर्म्युला पेमेंट सापडलेल्या ओळींपुरताच वाचा, ‘नाही’ असलेल्या ओळीत तो एरर देईल आणि ते बरोबरच आहे.

राहिलेल्यांची वेगळी यादी

शून्यावर फिल्टर लावून ओळी कॉपी करता येतात. नव्या एक्सेलमध्ये यादी आपोआपही बनते. तिसरं शीट घ्या आणि ए२ मध्ये लिहा :

=फिल्टर(आवक!ए२:एच२१५, काउंटइफ(पेमेंट!ए२:ए२१२, आवक!ए२:ए२१५)=०, "एकही राहिली नाही")

पेमेंट शीटमध्ये नंबर दुरुस्त केला की इथली ओळ लगेच निघून जाते. गूगल शीट्समध्ये मात्र शेवटचा मजकूर चालत नाही, तिथलं फिल्टर त्याला आणखी एक अट समजतं. तो काढा आणि पूर्ण फॉर्म्युला इफएररमध्ये गुंडाळा, म्हणजे एरर आली तर तिच्या जागी तुमचा मजकूर दिसेल.

रंगांचा मार्ग मी फार वापरत नाही. दोन कॉलम शेजारी ठेवून कंडिशनल फॉरमॅटिंगमधून ‘ड्युप्लिकेट व्हॅल्यूज’ आणि तिथे ‘युनिक’ निवडलं की एकट्या राहिलेल्या नोंदी रंगतात. वीस-तीस ओळींसाठी ठीक आहे. पण एकाच यादीत दोनदा आलेला नंबर दुसऱ्या यादीत नसला तरी तो जोडीचा मानला जातो आणि रंगत नाही. पैशाच्या यादीला हे चालणार नाही.

दर आठवड्याला हेच काम असेल तर एक्सेल २०१६ पासून डेटा टॅबमध्येच असलेली पॉवर क्वेरी शिकून घ्या. तिथे दोन याद्या ‘मर्ज’ करताना ‘लेफ्ट अँटी’ निवडलं की फक्त पहिल्या यादीत असलेल्या ओळी मिळतात. एकदा बसवलं की पुढच्या आठवड्यात नवी यादी टाकून रिफ्रेश करायचं.

नंबरच नसेल तर

कधीकधी बाहेरून आलेल्या यादीत फक्त नाव आणि मोबाईल असतो. तेव्हा मोबाईलवर जुळवा. एकाने पुढे +९१ लावलेलं असतं, दुसऱ्याने शून्य, तिसऱ्याने मध्ये जागा सोडलेली. स्पेस आणि रेघ काढून शेवटचे दहा अंक घेतले की सगळे एका मापात येतात :

=राईट(सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(बी२, " ", ""), "-", ""), १०)

एका घरात दोन खातेदार आणि मोबाईल एकच, असं आमच्याकडे बरंच आहे, म्हणून मोबाईल जुळल्यावर नावावर नजर टाकायचीच. आधार नंबर जुळणीसाठी वापरायचा मोह होतो, पण या फाईली व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे फिरतात. पूर्ण आधार त्यात ठेवू नका.

नावावरच जुळवायची वेळ आली तर मराठीपुरती एक गोष्ट माहीत असू द्या. ‘बोऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो. काही कीबोर्डवर त्यासाठी टिंबाचा स्वतंत्र ‘ऱ’ येतो, काहींवर साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. लेन लावलं तर पहिल्याचे आठ येतात, दुसऱ्याचे नऊ. त्या न दिसणाऱ्या चिन्हाचा कोड ८२०५. सगळी नावं एका रूपात आणायला :

=सब्स्टिट्यूट(एफ२, "र्"&युनिकॅर(८२०५), "ऱ्")

हे करूनही नावं शंभर टक्के जुळत नाहीत. ‘दत्तू’ आणि ‘दत्तात्रय’ एकच आहेत हे फॉर्म्युल्याला कळायची सोय नाही, ते गावातल्या माणसालाच विचारावं लागतं. फॉर्म्युल्याने दोनशेतले एकशे नव्वद बाजूला काढले, तरी उरलेले दहा घेऊन गटातल्या जुन्या माणसाशेजारी बसायचं.

शून्य सापडल्यावर

राहिलेल्या पावत्यांची यादी हातात आली की लगेच एकेक भरायला घेऊ नका. आधी ती सगळी एकत्र पाहा. तारीख, केंद्र, पुस्तक, कोणी भरली. वरच्या उदाहरणातल्या चार पावत्या एकाच केंद्राच्या, एकाच संध्याकाळच्या निघाल्या, तर पुस्तकाचं एक पान चढवायचं राहिलंय किंवा कॉपी करताना फिल्टर चालू होता असं समजा, आणि त्याच दिवसाच्या बाकीच्या नोंदीही तपासा. चारही चार दिशांच्या असतील तर त्या सुट्या चुका.

मग कागदी पुस्तक उघडून प्रत्येक पावतीची स्थळप्रत पाहायची. वजन, क्रेट, सही. शीटमध्ये ‘शेरा’ कॉलमला कारण आणि तारीख लिहायची : ‘पान राहिलं, पुढच्या यादीत घेतलं’, ‘नंबर चुकला, दुरुस्त’. दोनदा लागलेलं पेमेंट बँकेत गेलं नसेल तर काढून टाका. गेलं असेल तर त्या शेतकऱ्याशी बोलून पुढच्या बिलात वळतं करा, न विचारता कापू नका.

आमच्याकडे आता शनिवारी यादी बँकेत जाण्याआधी ही जुळणी होते. दोनशे-सव्वादोनशे पावत्यांना अर्धा तास लागतो. ज्यांची पावती राहिलेली निघते त्यांना मी त्याच दिवशी फोन करते : “नाना, ब काट्याची तुमची एक पावती यादीत चढायची राहिली होती, आज घेतली. दोन्ही रक्कम सोबतच जमा होतील.”